व्याख्यान फुकट, मोल लाखाचं!

‘विद्यापीठाच्या सभागृहात जागतिक राजकारणावर जाहीर व्याख्यान. प्रवेश सर्वांना खुला.’ वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नाटकाच्या जाहिराती आणि साड्यांच्या सेलच्या मधोमध असा एखादा छोटासा चौकोन छापलेला असतो. आपण तो वाचतो आणि पान उलटतो. ‘आपल्याला काय करायचंय? तिकडे मोठी माणसं बघून घेतील. आपल्याला गॅस, शाळेची फी आणि गोडेतेलाचा भाव पुरेसा आहे!’

पण मंडळी, गंमत अशी, की गॅसचा आणि गोडेतेलाचा भाव ठरतो तो त्याच चौकोनातल्या विषयावर. आखातात लढाई पेटली की आपल्या स्कूटरचं पेट्रोल महागतं. अमेरिकेने व्हिसाचे नियम बदलले की नाशिक-सांगलीच्या घरांत चिंता पसरते. तेव्हा ‘तिकडचं’ म्हणून सोडून द्यावं असं जगात फारसं काही उरलेलं नाही.

आणि विद्यापीठातली भाषणं म्हणजे नुसती शब्दांची आतषबाजी, असंही समजू नका. काही वेळा तिथे बोललेल्या दहा-पंधरा मिनिटांनी कोट्यवधी माणसांच्या ताटात अन्न वाढलं आहे.

तारीख ५ जून १९४७. स्थळ अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. पदवीदानाचा दिवस. त्या दिवशी मानद पदवी घेणाऱ्यांत अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर होते, कवी टी. एस. एलियट होते आणि परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शलही होते. मार्शल हे मूळचे सेनापती. फर्डे वक्ते अजिबात नव्हेत. खाली मान घालून त्यांनी कागदावरचं भाषण वाचलं. पाव तासाच्या आत संपलंसुद्धा!

त्यात होतं काय? दुसऱ्या महायुद्धाने युरोप मोडून पडला होता. शेतकऱ्याकडे धान्य होतं, पण ते विकून विकत घ्यावं असं शहरात काही बनतच नव्हतं. मग तो ते कशाला विकेल? शहरं उपाशी आणि कारखाने बंद. मार्शल यांनी हे दुष्टचक्र साध्या शब्दांत उलगडून सांगितलं. अमेरिका मदत करील, पण योजना मात्र युरोपने स्वतः एकत्र बसून आखावी, असं ते म्हणाले. रोगी उठून बसायला तयार असेल तरच डॉक्टरच्या औषधाचा उपयोग, असाच त्याचा मतलब!

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या कानी ही बातमी बीबीसीवरून पडली आणि ते तत्काळ कामाला लागले. जुलैमध्ये पॅरिसला १६ देश जमले. ३ एप्रिल १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली. पुढच्या चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत पश्चिम युरोपला मिळाली. मार्शल यांना १९५३ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं, तेही एका सेनापतीला!

यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता का? होताच. युरोप सावरला नसता तर अमेरिकेचा माल घेणार कोण? शिवाय साम्यवाद पसरण्याची धास्ती होतीच. सोव्हिएत संघाला यात डाव दिसला. त्यांचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह पॅरिसच्या बैठकीतून उठून गेले. म्हणजे ज्या भाषणाने अर्धा युरोप सावरला, त्यानेच युरोपची फाळणी अधिक पक्की केली. जागतिक धोरण म्हणजे असं दुधारी शस्त्र असतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, ५ मार्च १९४६ रोजी, विन्स्टन चर्चिल अमेरिकेतल्या फुल्टन नावाच्या लहानशा गावातल्या वेस्टमिन्स्टर कॉलेजात बोलले होते. तेव्हा ते पंतप्रधान नव्हते, निवडणूक हरलेले विरोधी पक्षनेते होते. कॉलेजच्या व्यायामशाळेत सभा भरली आणि व्यासपीठावर खुद्द अध्यक्ष ट्रुमन बसले. युरोपच्या मधोमध ‘पोलादी पडदा’ पडला आहे, हे त्यांचे शब्द तिथून जगभर गेले. काही दिवसांतच स्टालिनने उलट हल्ला चढवला आणि चर्चिलची तुलना चक्क हिटलरशी केली. शीतयुद्धाला जणू नावगाव मिळालं.

मग शब्दांनी भिंती उभ्या राहतात, तशा त्या खाली येतात का? येतात की! १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभं राहिलं होतं. त्यानंतर आठच महिन्यांनी, १० जून १९६३ रोजी, अध्यक्ष केनेडी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत पदवीधरांपुढे उभे राहिले. रशियाला दूषणं द्यायचा तो काळ. पण केनेडींनी आपल्याच लोकांना सांगितलं, की रशियाकडे बघण्याची आपली दृष्टीही तपासून पाहू या. दुसरे देश करत नाहीत तोवर अमेरिका वातावरणात अणुचाचण्या करणार नाही, हेही त्यांनी तिथेच जाहीर केलं.

हे भाषण रशियातल्या वर्तमानपत्रांनी छापलं. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी करार केला. हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या बंद! जमिनीखालच्या चाचण्या पुढेही चालू राहिल्या, हे खरं. तरी त्या चाचण्यांतून हवेत उडणारी आणि गवतातून, गाईच्या दुधातून बाळांच्या पोटात जाणारी किरणोत्सारी धूळ कमी होण्याचा रस्ता मोकळा झाला. अशा चाचण्या थांबवा, असं नेहरूंनी लोकसभेत १९५४ सालीच सांगितलं होतं. म्हणूनच करार इतर देशांसाठी खुला झाला त्याच दिवशी, ८ ऑगस्टला, भारतानेही त्यावर सही केली.

आता कुणी विचारील, ‘ही भाषणं तर संसदेतही करता आली असती. विद्यापीठच कशाला?’

त्याचं उत्तर श्रोत्यांत आहे. संसदेत बाकं वाटलेली असतात आणि प्रचारसभेत टाळ्या ठरलेल्या. विद्यापीठात समोर बसलेला विद्यार्थी कुणाचा बांधील नसतो, निदान नसावा. भाषणानंतर तो हात वर करतो, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. ७ नोव्हेंबर २०१० ची गोष्ट आठवते? अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात विद्यार्थ्यांना भेटले. एका मुलीने उठून विचारलं, की पाकिस्तान अमेरिकेला इतका जवळचा का, त्याला दहशतवादी देश का म्हणत नाही? २६/११ च्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, असं ओबामा म्हणाले आणि पाकिस्तान स्थिर राहण्यात भारताचंच हित आहे, असं त्यांनी समजावलं. उत्तर सर्वांना पटलं असं नाही. पण जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला एका कॉलेजकन्येने देशाच्या मनातला प्रश्न तोंडावर विचारला, ही काय लहान गोष्ट आहे?

याहून अवघड प्रसंगही येतात. २४ सप्टेंबर २००७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांना बोलावलं. बाहेर निदर्शनं चालू होती. विद्यापीठाच्या प्रमुखांनी ओळख करून देतानाच पाहुण्याला क्रूर हुकूमशहाच्या पंक्तीला बसवलं. घरी बोलावून पाहुण्याचा असा पाणउतारा करावा का? आपल्या संस्कारांत ते बसत नाही. पण न बोलावणं त्याहून सोपं होतं, हे विसरू नका. आपल्या देशात समलैंगिक माणसंच नाहीत, असं अहमदीनेजाद यांनी ठोकून दिलं तेव्हा सभागृहात हशा पिकला. बंदी घातली असती तर त्यांना हुतात्म्याचा मान मिळाला असता. बोलू दिलं आणि प्रश्न विचारले, त्यामुळे काय ते सगळ्यांसमोर आलं.

न पटणारं ऐकून घेण्याची ही सवय आपल्याला परकी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळच्या संघराज्य योजनेची चिरफाड केली. संस्थानिकांचे प्रतिनिधी प्रजेने निवडलेले नसतील, तर त्या संघराज्यात स्वातंत्र्य कसलं, असा त्यांचा रोख होता. विषय रुक्ष, आकडेमोडीचा. तरी तो श्रोत्यांपुढे जाहीरपणे मांडावा, असं त्यांना वाटलं.

आज कुठे वक्त्याचं नाव आवडलं नाही म्हणून कार्यक्रम रद्द होतो, तर कुठे प्रश्न आधी लिहून मागवतात आणि अडचणीचे बाजूला ठेवतात. याने कुणाच्या भावना जपल्या जात असतील, पण मुलांचं नुकसान होतं. विसाव्या वर्षी ज्याने विरोधी मत शांतपणे ऐकलं नाही, तो चाळिसाव्या वर्षी घरातल्या माणसांचं तरी ऐकेल का?

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या वेळी तो चौकोन दिसला की पान उलटू नका. मुलाला, मुलीला, जमलं तर आजोबांनाही सोबत घ्या. जाण्याआधी नकाशात तो देश कुठे आहे ते घरी बघून ठेवा. वक्ता कुणाची बाजू मांडतो आहे, त्यात फायदा कुणाचा, आणि तो कशाबद्दल बोललाच नाही, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. शेवटी वेळ दिला तर मुलांना हात वर करू द्या. प्रश्न चुकला तरी बिघडत नाही. परतताना बसमध्ये त्यावर वाद झाला, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणा!