ताईंचा सल्ला: गोळ्यांची उष्णता नव्हे

वर्ध्याच्या एका भगिनीचं पत्र आहे. नाव छापू नका, असं दोनदा बजावलंय, छापत नाही. पती-पत्नी दोघांनाही एचआयव्ही, सरकारी केंद्रातल्या एआरटीच्या गोळ्या दोन वर्षं चालू. पण अधूनमधून खालच्या जागी बारीक फोड येतात, फुटतात, लघवीला आग होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘गोळ्यांची उष्णता झाली, थोडे दिवस बंद ठेव.’’ तिनं पंधरा दिवस बंद ठेवल्या. मनात आणखी एक किडा: यांचं पुन्हा बाहेर काही सुरू झालं की काय?

अहो, आधी उद्याच केंद्रात जा आणि गोळ्या बंद ठेवल्याचं न लाजता सांगा.

वर्णनावरून हा जननेंद्रियाचा हर्पीस वाटतो. अंगावर पट्ट्यासारखी उठते ती नागीण वेगळी. हर्पीसचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंत दडून बसतो, शरीराची ताकद घटली की डोकं वर काढतो. लागण कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते. तेव्हा फोड आज आले म्हणून पतीवर आजचा आळ घेऊ नका.

मात्र दुर्लक्षही नको. एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशींना धरतो, त्याच पेशी या फोडांपाशी गोळा होतात. फोड असताना रक्तातला एचआयव्हीही वाढू शकतो. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकताच हर्पीस झालेल्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका तिपटीहून अधिक दिसला. आफ्रिकेत दोन्ही रोग असलेल्या, पण एआरटी सुरू नसलेल्या रुग्णांना हर्पीसचं अ‍ॅसायक्लोविर रोज दिलं. एचआयव्हीची वाढ सुमारे १६ टक्क्यांनी मंदावली, असं २०१० साली कळलं. जोडीदाराला होणारी लागण मात्र त्यानं थांबली नाही. एचआयव्हीला खरा लगाम एआरटीचाच. तो सोडला की दोघांनाही रान मोकळं!

फोड असतानाच वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचा-गुप्तरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. गरमीचा रोगही असाच दिसू शकतो, म्हणून तपासणी हवी. अ‍ॅसायक्लोविर एआरटीबरोबर घेता येतं, पण डॉक्टरांना विचारून. तोवर कोमट पाण्यानं धुवून मऊ फडक्यानं टिपा. तुरटी, हळद-तेल लावू नका. फोड असेपर्यंत संबंध टाळा, एरवी निरोध वापरा.

दिवस गेले असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. बाळंतपणाच्या वेळी फोड असले, तर डॉक्टर बहुधा सिझेरियन सुचवतील.