क्लच सरकतो, तो कसा ओळखावा?

घरांत मोटार आली कीं तिचीं दुखणींही मागोमाग येतात. घरच्या माणसास ज्वर आला, तर वैद्याकडे जाण्यापूर्वीं आपण चार लक्षणें तरी पाहतों. मोटारीचें बिघडलें म्हणजे मात्र मिस्त्री सांगेल तें वेदवाक्य! म्हणून क्लच सरकण्याच्या व्याधीचें निदान या वेळीं वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनाबरोबर फिरणारें एक जड चक्र असतें. घर्षणाचें अस्तर लाविलेली क्लचप्लेट त्या चक्रावर प्रेशरप्लेटच्या स्प्रिंगनें दाबून धरलेली असते. पॅडल दाबलें म्हणजे हा दाब सुटतो व इंजिनाचा गिअरशीं संबंध तुटतो. पाय उचलला कीं तो पुन्हां जुळतो. दाब अपुरा पडला अथवा घर्षण कमी झालें, म्हणजे प्लेट चक्राच्या मागें राहूं लागते. यासच क्लच सरकणें म्हणतात.

याचें मुख्य लक्षण चढावर, वरच्या गिअरांत आणि भरल्या गाडींत दिसतें. खंडाळ्याच्या घाटांत अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, तों इंजिनाचे फेरे चढतात, पण वेगाचा कांटा जागचा हलत नाहीं. कधीं जळकट वास येतो. कधीं पॅडल बरेंच वर आल्यावर गाडी हलूं लागते.

परंतु धुरावरून अग्नीचें अनुमान करणाऱ्यानें तो धूर आहे कीं धुकें, हें आधीं पाहिलें पाहिजे. इंजिनच अशक्त असेल, तर फेरेही चढत नाहींत. ब्रेक अडकला असेल, तर चाक तापतें. गिअर घालतांना करकर होत असेल, तर रोग उलटा आहे: क्लच सरकत नसून पुरता सुटत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट जागेंत, पुढेंमागें कोणी नसतां, तापलेलें इंजिन चालू ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा. उजवा पाय ब्रेकवर ठेवावा, तिसरा गिअर घालावा व क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडणें हें क्लच धरीत असल्याचें चिन्ह होय. तें चालूच राहिलें, तर क्लच सरकतो असें समजून पॅडल तत्काळ दाबावें. थोडा सरकणारा क्लच या परीक्षेंतून निसटतो. त्याची परीक्षा चढावरच होते. परीक्षा वारंवार करूं नये. तिनेंही अस्तर जळतें.

कारणें पाहतांना स्वल्प खर्चाचें आधीं पाहावें. केबलच्या क्लचांत पॅडलला थोडी मोकळीक लागते. ती नसेल तर पाय न लावतांही दाब किंचित् सुटलेला राहतो. अशा वेळीं केबल जुळविल्यानें काम भागूं शकतें. नंतर अस्तराची झीज, स्प्रिंगचा अशक्तपणा आणि प्लेटवर आलेलें तेल यांचा विचार करावा.

आमच्या परिचयाच्या एका घरीं क्लच सरकूं लागला. मोटार बहुधा सूनबाई चालवीत. तेव्हां यांच्याच पायानें प्लेट जळली, असा निकाल घरानें देऊन टाकला. त्या माउलीनें मोटारीस हात लावणें सोडलें. पुढें गिअरबॉक्स उतरविला, तों अस्तर जवळजवळ नवें, पण तेलानें भिजलेलें निघालें. इंजिनाच्या मागचें सील गळत होतें. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यानें एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. न्यायशास्त्र याला हेत्वाभास म्हणतें. सील न बदलतां नुसती प्लेट घातली असती, तर तीही भिजली असती आणि बोल पुन्हां सूनबाईंसच लागला असता.

वाईट संवयीनेंही क्लच झिजतो, हें खरें. पॅडलवर पाय विसावूं नये. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून न धरतां हँडब्रेक लावावा. प्लेट बदलावयाची झाल्यास प्रेशरप्लेट व बेअरिंगही त्याच वेळीं बदलणें बहुधा हिताचें, कारण गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडत नाहीं. जुनी प्लेट मात्र मागून घ्यावी व स्वतः पाहावी. रिव्हेटांपर्यंत झिजलेलें अस्तर निराळें आणि तेलानें काळवंडलेलें निराळें. तें पाहून झाल्यावर मग ज्याला दोष द्यावयाचा त्याला द्यावा.