खाणीच्या जमिनीवर वनस्पती टिकल्याशिवाय एस्क्रो रक्कम परत न करण्याबाबत

प्रति,
मा. कोळसा नियंत्रक,
कोळसा मंत्रालय, भारत सरकार.
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर)

विषय : वर्धा खोऱ्यातील उघड्या कोळसा खाणींच्या पुनर्भरित जमिनीवरील वनस्पती व एस्क्रो रकमेची परतफेड.

महोदय,

आम्ही या खाणींलगतच्या गावांतले शेतकरी आणि गुरे राखणारे. खाणीसाठी जमीन गेली तेव्हा शेतीबरोबर चराईही गेली. त्या जागी ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या दगडमातीचे, ढिगारे उभे राहिले. पावसाळ्यात त्यांचा गाळ नाल्यांतून शेतात उतरतो.

खाण बंद करण्याच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये या दराने एस्क्रो खात्यात रक्कम ठेवण्याची सोय झाली. काम झाल्याचे प्रमाणित झाले की ती रक्कम टप्प्याटप्प्याने सुटते. आमचे म्हणणे या प्रमाणपत्राविषयी आहे. किती रोपे लावली, हा आकडा पुरेसा धरू नये. टँकरचे पाणी थांबल्यानंतर किती जगली, हे पाहावे.

ओबीत मुख्यतः जमिनीखालून निघालेला वाळूदगड आणि शेल असतो. त्यात सेंद्रिय कर्ब व नत्र अत्यल्प, पाणी धरण्याची ताकद कमी. चंद्रपूरच्या मे महिन्यात हा उघडा दगड तापतो आणि कोवळी मुळे करपतात. म्हणून वरची काळी माती आधी वेगळी काढून ठेवणे आणि ती फार काळ ढिगात न कुजवता भरलेल्या जमिनीवर पसरणे, हे सगळ्यांत मोलाचे काम आहे. वर्षानुवर्षे ढिगात पडलेल्या मातीतले जिवाणू आणि बी मरतात. मग ती माती नावापुरती उरते. काळी माती कुठे साठवली, किती, आणि कधी पसरली, याची नोंद ग्रामसभेला पाहायला मिळावी.

नुसती निलगिरी लावून हिरवळ दाखवता येते, पण त्यात ना चारा ना मोहफूल. आधी मारवेल, पवन्या यांसारखी गवते माती धरून ठेवतील. त्यानंतर पळस, मोह, आवळा, करंज, बांबू, धावडा यावेत. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी खाणपट्टाधारकाने गवत पुन्हा उगवून जमीन चारा, वनस्पती व प्राणिजीवनास योग्य करावी, असे सांगितले आहे. त्या आदेशाचे मोजमाप आमच्या गुरांना मिळणाऱ्या चाऱ्यात व्हावे.

अमेरिकेच्या 1977 च्या खाण-पुनर्स्थापना कायद्यात शेवटची पेरणी, खत व सिंचन झाल्यापासून 5 वर्षे, आणि वार्षिक पाऊस 26 इंच वा त्याहून कमी असलेल्या प्रदेशात 10 वर्षे, जबाबदारी खाणचालकाचीच राहते. आमच्याकडे पाऊस त्याहून बराच जास्त, पण तो चार महिन्यांत पडून जातो. म्हणून शेवटच्या सिंचनानंतर किमान 5 वर्षांची अट इथेही घालावी आणि अखेरची रक्कम त्यानंतरच सोडावी. पाहणी ऑक्टोबरमध्ये नको. तेव्हा सगळेच हिरवे असते. ती मे महिन्यात व्हावी, आणि शेजारच्या न खणलेल्या माळाशी तुलना करून व्हावी.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत सीएमपीडीआयचे नाव आहे, आणि ती कोल इंडियाचीच उपकंपनी आहे. कोल इंडिया समूहाच्या खाणींसाठी तिच्या अहवालावर रक्कम सोडू नये; बाहेरची संस्था नेमावी आणि पाहणीत ग्रामसभेचे प्रतिनिधी घ्यावेत. रक्कम सोडण्यापूर्वी मराठीत जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी 30 दिवसांची मुदत द्यावी.

या मागण्यांवर निर्णय होईपर्यंत आमच्या खोऱ्यातील खाणींच्या एस्क्रो रकमा सोडण्याचे प्रस्ताव थांबवावेत आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
वर्धा खोऱ्यातील खाणींलगतचे ग्रामस्थ