वाईट प्रियकराची बाजू

समलिंगी प्रेमाच्या कथेकडून आपल्या सुजाण, उदारमतवादी वाचकाची एकच अपेक्षा असते: तिनं चांगलं वागावं. दोघंही सुसंस्कृत असावेत, निदान एकाला तरी कविता आवडावी, घरच्यांनी त्यांचा छळ करावा आणि शेवटी कुणीतरी मरावं, नाहीतर परदेशी जावं. म्हणजे आपल्याला रडता येतं, आणि रडून झालं की आपण पुरोगामी ठरतो. या कथेत विनोद फारसा चालत नाही. गुन्हा तर अजिबात चालत नाही, निदान प्रेमिकांपैकी एकानं केलेला तरी.

म्हणून पेद्रो अल्मोदोवारच्या ‘ला लेय देल देसेओ’विषयी, म्हणजे ‘वासनेचा कायदा’विषयी लिहायचं आहे. चित्रपट 1987चा. नायक पाब्लो हा माद्रिदमधला चित्रपट-दिग्दर्शक. त्याचं हुआनवर प्रेम आहे, हुआनचं त्याच्यावर तितकंसं नाही. हुआनची पत्रं त्याला पुरेशी उत्कट वाटत नाहीत, म्हणून आपल्याला यायला हवं तसं पत्र तो स्वतःच टंकयंत्रावर लिहितो, हुआनला पाठवतो आणि सही करून परत धाड म्हणतो. मग येतो अंतोनियो, तरुणपणीचा अंतोनियो बांदेरास. सनातनी घरातला, आईच्या धाकातला, पुरुषाबरोबर पहिल्यांदाच झोपलेला आणि दुसऱ्या दिवसापासून पाब्लोचं घर, वेळापत्रक आणि भूतकाळ आपल्या मालकीचा समजणारा. तो हुआनला कड्यावरून ढकलून मारतो. शेवटी पाब्लोच्या बहिणीला, तीनाला, तिच्याच घरात ओलीस धरतो. खाली पोलीस जमतात. त्याची मागणी एकच: पाब्लोबरोबर एक तास, एकांतात. बहीण सुटते, भाऊ आत जातो. लोस पांचोस यांचं बोलेरो लागतं. तास संपतो आणि अंतोनियो स्वतःला गोळी घालतो.

एवढं सांगितलं की ऐकणारा गंभीर होतो. पण चित्रपट बघताना माणसं हसतात, आणि त्यांनी हसावं अशीच त्याची रचना आहे. अंतोनियोची आई मुलाची पत्रं चाळते, म्हणून तो पाब्लोला बजावतो, मला पत्र लिहिशील तेव्हा खाली बाईचं नाव घाल. पाब्लो ‘लॉरा पी.’ अशी सही करतो. लॉरा पी. हे त्याच्याच एका पटकथेतलं पात्र. पुढे खुनाचा तपास सुरू होतो आणि पोलीस त्या लॉरा पी.ला शोधत हिंडतात. जगात नसलेली बाई मुख्य संशयित ठरते, कारण दोन पुरुषांमध्ये मत्सर असू शकतो हे तपास-अधिकाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही.

मराठी उपशीर्षकं करताना ही लॉरा मला सर्वांत जड गेली. स्पॅनिशमध्ये ‘मी’चं क्रियापद लिंग दाखवत नाही. विशेषण टाळलं की पत्र पुरुषाचं की बाईचं हे सहीवरच ठरतं. मराठीत तशी सोय नाही. (हा लेख लिहिते आहे ती बाई, हे मी न सांगता तुम्हांला याच वाक्यात कळलं.) ‘मी येते’ म्हटलं की पाब्लो पहिल्याच ओळीत वेषांतर करून बसला, ‘मी येतो’ म्हटलं की आईनं पकडला. वाट सापडली ती अशी: ‘मी पत्र लिहिलं’ चालतं, ‘मी भेटेन’ चालतं, ‘वाट पाहा’, ‘जाळून टाक’ हे आज्ञार्थ चालतात. ‘मी’ला कर्ता करून वर्तमानकाळात बोलणं तेवढं जमत नाही. केलं होतं आणि करीन या दोघांच्या मध्ये जे करतो ते लिहिता येत नाही अशी पत्रं. व्याकरणाची ही अडचण कितीतरी लोकांचं रोजचं जगणं आहे, आणि इथे ती विनोदातून येते म्हणूनच अंगावर येते.

ही उपशीर्षकं एका फिल्म मंडळानं मागवली होती. ती पाहून आयोजकांनी अतिशय सौजन्यानं कळवलं की प्राइडच्या महिन्यातल्या कार्यक्रमात हा चित्रपट नको. समलिंगी नायक खुनी आहे, माणसं ओलीस धरतो, समुदायाच्या प्रतिमेचं काय? मी सुचवावं असं काही ‘सकारात्मक’ आहे का, अशीही विचारणा होती.

या ‘प्रतिमे’शी माझं भांडण आहे. आयोजकांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, म्हणून तर भांडायला हवं. प्रतिमेची काळजी ज्याला करावी लागते तो पाहुणा असतो. घरातला माणूस पाय पसरून बसतो, चिडतो, प्रसंगी चोरीही करतो, आणि तरी घरातलाच राहतो. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर 1972 साली गदारोळ झाला तो नीतीच्या नावानं. टाकलेल्या बायका घरात आणून, आपल्या अटींवर ठेवणारा हा माणूस समस्त स्त्रीलंपट पुरुषांची प्रतिमा मलिन करतो, अशी तक्रार घेऊन काही कुणी आलं नाही. सखारामला सखाराम असण्याची मुभा होती. त्याच तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधल्या मित्राला मात्र शेवटी जीव द्यावा लागतो. ते नाटक मला प्रिय आहे, आणि त्या काळात ते लिहिणं हे धाडसच होतं. पण तिच्यानंतर किती वर्षं आपण तोच शेवट निरनिराळ्या कपड्यांत पाहत आलो आहोत.

आणि अपहरणाचं म्हणाल तर त्याचा विटाळ आपल्याला कधीपासून झाला? आदिपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात मुलगी कुणाला निवडेल याचा भरवसा नाही, तेव्हा तू सुभद्रेला पळवूनच ने. सुभद्रेला तिथे कुणी विचारत नाही. 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हीच गोष्ट ‘सौभद्र’ करून रंगभूमीवर आणली. सुभद्रेच्या मनात आधीच अर्जुन घातला, त्याला यतीचा वेष दिला, आणि मराठी माणसाला त्याची सगळ्यांत लाडकी सुखान्तिका मिळाली. तिच्यातली सुभद्रा गाजवली भाऊराव कोल्हटकरांनी. म्हणजे एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला पळवून नेण्याच्या बेतावर आपले पणजोबा पदांना वन्समोअर देत होते, आणि भाऊराव भर रंगमंचावर, हजार माणसांसमोर, ‘मी आले’ म्हणत होते. लॉरा पी.ला जे क्रियापद चोरून वापरावं लागतं ते!

मला माहीत आहे, यावर उत्तर येईल की सुभद्रेची संमती होती. रुक्मिणीनं तर स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावलं होतं, आणि चांगला नवरा मिळावा म्हणून मुली आजही एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’चं पारायण करतात. अंतोनियोला पाब्लोनं बोलावलेलं नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. ज्या देशात नकाराला लाजरा होकार समजण्याचं प्रशिक्षण हिंदी सिनेमानं पिढ्यान्‌पिढ्या दिलं, तिथे ओलीस धरणाऱ्याच्या प्रेमाबद्दल बोलताना जपून बोलायला हवं. पण ‘वासनेचा कायदा’ अंतोनियोला माफ करत नाही. त्यानं केलेला खून खूनच राहतो आणि पाब्लो आत जातो तो बहिणीला सोडवायला. चित्रपट फक्त एक जास्तीची गोष्ट सांगतो, आणि ती सहन होत नाही. पाब्लोनं सगळ्या माणसांना पात्रांसारखं वागवलं, त्यांची पत्रंसुद्धा स्वतः लिहिली. आपल्यावर कुणीतरी सर्वस्व ओवाळून टाकावं अशी त्याची मागणी होती. ते मागवलेलं पत्र अखेर येतं ते हातात पिस्तूल घेऊन. मजकूर त्याचाच, सही फक्त खरी. अंतोनियो मेल्यावर पाब्लो ते टंकयंत्र खिडकीतून खाली भिरकावतो. कोणत्याही ‘सकारात्मक’ चित्रपटात कुणा लेखकानं आपल्या अपराधाची इतकी नेमकी कबुली दिलेली मला आठवत नाही.

तीन वर्षांनी अल्मोदोवारनं ‘आतामे!’ केला. पुन्हा बांदेरास, पुन्हा अपहरण, पण या वेळी कैदेत एक अभिनेत्री आहे. ती शेवटी त्याच्या प्रेमात पडते, आणि बहिणीसकट तिघं मोटारीत गाणं म्हणत निघतात. स्त्री-पुरुषांच्या अपहरणाला गाणं, पुरुष-पुरुषांच्या अपहरणाला गोळी. हा हिशेब खुद्द अल्मोदोवारकडेही चुकता झालेला नाही. मला दोन्ही शेवट तितकेच संशयास्पद वाटतात, पण दुसऱ्या जोडीलाही तो बिनबुडाचा, निर्लज्ज, आनंदी शेवट मिळायला हवा होता. ‘आतामे’ म्हणजे ‘बांध मला’, आणि हे कैदी म्हणते. मराठीत या दोन शब्दांवरून बोलणारा पुरुष आहे की बाई, कळत नाही.

आता हे सगळं माद्रिदमधलं आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. फ्रँकोच्या राजवटीत 1970 साली केलेल्या ‘सामाजिक धोका’ कायद्यातून समलिंगी संबंध वगळले गेले ते 1979च्या सुरुवातीला. त्यानंतर आठ वर्षांनी हा चित्रपट आला, आणि त्यात त्या कायद्याबद्दल एक वाक्यही नाही. कुणाकडे दाद मागायची नव्हती. बर्लिनला त्या वर्षी टेडी पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान या खुनी प्रियकराच्या चित्रपटाला मिळाला. आपल्याकडे 377चा निकाल 6 सप्टेंबर 2018चा. आपल्यालाही तेवढी वर्षं होत आली, आणि आपण अजून अर्जाच्या भाषेतच लिहितो आहोत. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा हक्क नाकारल्यावर ती भाषा आणखीच नम्र झाली आहे.

पण ‘अपहरणकर्ता’ हा शब्द आपल्या पोलीस ठाण्यांत कुणासाठी वापरला जातो ते पाहा. दोन मुली घर सोडून एकत्र राहायला जातात. आईवडील हरवल्याची तक्रार देतात, कधी पळवून नेल्याची. मग पोलीस एकीला ‘सोडवून’ आणतात आणि घरच्यांच्या ताब्यात देतात, जिथे खोलीला बाहेरून कडी असते आणि डॉक्टर ठरलेला असतो. 2021मध्ये मद्रास उच्च न्यायालयात अशाच एका जोडप्याच्या प्रकरणात न्या. आनंद व्यंकटेश यांनी पोलिसांनी छळ करू नये असं बजावलं आणि लैंगिकता ‘बदलण्याचे’ उपचार बंद करायला सांगितलं. मार्च 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेबियस कॉर्पसच्या अर्जांसाठी खास सूचना द्याव्या लागल्या: जोडीदाराचा अर्ज असेल तर प्राधान्यानं ऐका, डांबून ठेवलेल्या व्यक्तीशी एकांतात बोला, तिचं समुपदेशन करून मन वळवू नका. म्हणजे कागदावर प्रियकर अपहरणकर्ता आणि कडी लावणारे पालक. हा उलटा शब्दकोश ज्या देशात रोज चालतो, तिथे ओलीस आणि प्रियकर यांच्यावरची काळी विनोदिका प्राइडच्या महिन्यात नको असते!

ती मराठीत लिहिता येणार नाही असंही नाही. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ला 1979 साली सगळं जमलं होतं. श्यामरावाच्या तावडीतला बर्वे, त्याची उदबत्ती, जुनी नाट्यपदं, कारकुनाच्या स्वप्नात शिरून त्याची बायको होणं, आणि अखेर दाराशी आलेला श्यामराव. त्या नाटकात माणसं हसता हसता खुर्चीत आखडतात. त्यावर आपण सांगीतिक परंपरेचा ऱ्हास, मध्यमवर्गाची स्वप्नं असं पुष्कळ लिहिलं. दोन पुरुषांमधली कैद आणि ओढ हा शब्दप्रयोग मात्र समीक्षेत फारसा आढळत नाही.

आयोजकांना मी कळवलं आहे की ‘सकारात्मक’ पर्याय माझ्याकडे नाही. चित्रपट ऑगस्टमध्ये दाखवा, दिवाळीत दाखवा, कोणत्याही विशेष महिन्याशिवाय दाखवा. त्यांनी आधी एक खुलासा लावण्याची तयारी दाखवली, ‘हा चित्रपट हिंसेचं समर्थन करत नाही’ असा. मी त्यांना विचारलं, ‘सौभद्र’च्या आधी तुम्ही कोणता लावता? या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.