छातीवरचीं अक्षरें

गेल्या श्रावणांत एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादास गेलों होतों. त्यांचा नातू प्रसादाचे द्रोण वाटीत होता. टी-शर्टावर ठळक इंग्रजी अक्षरें. आम्हीं तीं वाचलीं आणि मान खालीं घातली. येथें तीं छापतां येणार नाहींत. घरांत दोन पदवीधर. अक्षरें रोज दिसत होतीं, वाचीत मात्र कोणीच नव्हतें!

अशी फजिती मोठमोठ्यांची झाली आहे. २०१५ सालीं 'होमलँड' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठीं बर्लिनमध्यें सीरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून अरबी घोषणा लिहिण्यास कलावंत बोलाविले. मालिका मुसलमानांचें विपरीत चित्र रंगविते, असें त्यांचें मत. त्यांनीं भिंतीवर चक्क 'होमलँड वंशद्वेष्टी आहे' असेंच लिहिलें. कोणीं तपासलें नाहीं, आणि तो भाग तसाच प्रक्षेपित झाला. ज्यांची कथा सांगावयाची, त्यांचीच लिपी निर्मात्यांच्या लेखीं निव्वळ नक्षी! या खोडीचें आम्हांस कौतुकच वाटतें.

विद्वानही सुटले नाहींत. २००८ सालीं जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेनें आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर चिनी मजकूर छापला. ती निघाली नग्ननृत्यगृहाची जाहिरात. मजकूर आधीं चिनीच्या एका पंडितास दाखविला होता म्हणे!

नातवास आम्हीं बाजूस घेऊन अर्थ सांगितला. बिचारा कानकोंडा झाला, आणि आंत जाऊन टी-शर्ट उलटा करून आला. आजीबाईंना सांगण्याचें धैर्य मात्र आम्हांस झालें नाहीं. पुढल्या आठवड्यांत त्या बाजूनें जातां पाहतों तों त्यांनीं तो धुऊन गच्चींत वाळत घातलेला, अक्षरें रस्त्याकडे करून.