लिंबू-मिरचीनं ब्रेक लागत नाही



आंबा घाट उतरताना ब्रेकवर पाय द्यावा आन् हवेचा काटा झरझर खाली यावा, तेव्हा माणसाचं काय होतं ते पुस्तकातून कळत नाही. मला कळलंय. मागं कास्टिंग, पासिंगपेक्षा जादा भरलेलं. पुढं दरी. शेजारी किन्नर पोरगा आईच्या नावानं ओरडतोय. गिअर पाडत, डोंगराच्या कडेला गाडी घासत घासत थांबवली. वाचलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात साहेबानं पहिला प्रश्न काय केला? ‘पत्रा किती चेपला?’ तो पत्रा माझ्या पगारातून कापला. लायनर संपलेत, टाकीत हवा टिकत नाही, हे मी आठ दिवस आधी सांगितलं होतं. तेव्हा साहेब म्हणाला होता, ‘एवढी ट्रिप मार, मग बघू.’

कायदा सांगतो, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आन् पुढं दरवर्षी फिटनेस करून घ्या. आमच्या गाडीचं पासिंग मी डोळ्यानं बघितलंय. आदल्या रात्री दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवले. शिक्का पडला. संध्याकाळी ते उतरवून पुन्हा आमचे गुळगुळीत टायर. बंपरला मात्र नवी लिंबू-मिरची. लायनरला पैसा नाही, लिंबाला आहे! आन् आम्ही बी खंडेनवमीला तिलाच हार घालून हात जोडतो. भावांनो, लिंबू-मिरचीनं ब्रेक लागत नाही.

गाडी दरीत गेली की पेपरात एकच ओळ येते: चालकाचा ताबा सुटला. ताबा होता कधी आमचा? गाडी मालकाची, मेकॅनिक मालकाचा, माल किती भरायचा ते मालक ठरवणार, किती वाजता पोचायचं तेही तोच ठरवणार. फक्त सुटलेला ताबा तेवढा आमचा!

1961 साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाचे 8 तास, आठवड्याचे 48. पुढं 2020 च्या संहितेनं तो कायदा पोटात घेतला, तरी 8 तास कागदावर राहिले. रस्त्यावर किती राहिले ते ड्रायव्हरचे लाल डोळे सांगतील. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा. चांगलं झालं. पण आमच्या हातात जुनी गाडी आहे, तिच्या ब्रेकचं काय?

ह्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन मोडलं. तुकडाभर जमिनीच्या बदल्यात रात्री-अपरात्री गावाचं पडेल ते काम, हे ते वतन. आज पाटा तुटला तर आधी पैसे ड्रायव्हरच्या खिशातून, बिल मंजूर होईल तेव्हा होईल. पंक्चर त्यानं बघायचं, नाक्यावर चिरीमिरी त्यानं द्यायची, रात्र गाडीखाली त्यानं काढायची. ही वेठ नाही तर काय? ज्याच्या सातबाऱ्यावर गुंठा नाही, त्याला हेवी लायसन हीच डिग्री. त्या डिग्रीवर नवं वतन लादलंय. जुन्यात निदान जमिनीचा तुकडा होता.

जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. नव्या न्याय संहितेत, अपघात करून खबर न देता पळाला तर 10 वर्षं, असं पोटकलम होतं. दुसऱ्याच दिवशी सरकार बोलायला बसलं. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, ते पोटकलम बाजूला ठेवून. ही ताकद आमची. पण बोलणी कुणाशी झाली? वाहतूकदारांच्या संघटनेशी, म्हणजे मालकांशी. मालक आमच्या शिक्षेबद्दल बोलला. स्वतःच्या लायनरबद्दल तो कशाला बोलेल?

आता तुमच्याशी भांडतो, कार्यकर्त्यांनो. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आन् भांडवलशाही. आपण पहिल्यावर रोज भाषण ठोकतो. दुसऱ्याकडून 14 एप्रिलला मिरवणुकीसाठी ट्रक मागतो! त्या ट्रकवर बाबासाहेबांचा फोटो चढवताना खालचे टायर कुणी बघितले? चालवणाऱ्याला कुणी विचारलं, तू झोपलास कधी?

बिंदू चौकात घोषणा द्या, मी बी येतो. पण नंतर शिरोली नाक्यावर या. कार्बन पेपर घेऊन या. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 वाचा. बिघडलेली गाडी चालवणाराच नव्हे, चालवायला लावणारा आन् चालवू देणाराही गुन्हेगार आहे. बिघाड माहीत होता किंवा नीट बघितलं असतं तर कळला असता, एवढं पुरेसं आहे. मालक कोर्टात म्हणतो, मला काय ठाऊक? माझी तक्रार तोंडी होती. तिथंच मी फसलो.

म्हणून लिहा. तारीख, गाडी नंबर, काय बिघडलंय. दोन प्रती. एकीवर ऑफिसची सही घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. एकट्या ड्रायव्हरनं लिहिलं तर उद्या त्याची चावी काढून घेतील. म्हणून एका कंपनीच्या सगळ्यांनी एकाच दिवशी लिहायचं. लिहायला आन् पाठीशी उभं राहायला तुम्ही. बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली ती कशासाठी, कविता छापायला फक्त?

माझा किन्नर आता स्वतः गाडी चालवतो. परवा भेटला, म्हणाला, ‘लायनर संपलेत, साहेब मग बघू म्हणतोय.’

मी त्याला कागद दिलाय. खाली सह्यांना जागा ठेवलीय.