‘झुंज’ या शब्दाविषयी

एखादा तरुण कर्करोगाने गेला, की ‘त्याची मृत्यूशी झुंज अखेर अपयशी ठरली’ हे वाक्य छापून येते. लिहिणाऱ्याचा हेतू सहानुभूतीचाच असतो. तरीही त्या वाक्यातले अपयश गेलेल्याच्या नावावर जमा होते, आणि हाडाच्या कर्करोगाच्या बाबतीत तरी तो उघड अन्याय आहे.

ऑस्टिओसार्कोमा हा रोग मुख्यतः वाढत्या वयात, बहुधा गुडघ्याजवळच्या हाडात होतो. १९७० पूर्वी पाय कापूनही पाचांतला जेमतेम एक रुग्ण वाचे. कारण रोगाचे अदृश्य अंश फुप्फुसांत आधीच पोचलेले असत. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन आल्यावर, रोग पसरलेला नसल्यास, तिघांतले सुमारे दोघे वाचू लागले. त्यानंतर चार दशके हा आकडा फारसा हललेला नाही.

उरलेल्यांचे काय होते? पेशी औषधाला ‘सरावतात’ असे आपण सैलपणे म्हणतो. वस्तुतः गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काहींच्या आवरणावर पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन अधिक असते. आत शिरलेले डॉक्सोरुबिसिन ते पंपासारखे बाहेर टाकते. काहींत मेथोट्रेक्सेटला आत घेणारे वाहक प्रथिनच कमी असते. काही पेशी सिस्प्लॅटिनला ग्लुटाथायोनने निष्प्रभ करतात, किंवा त्याने केलेली डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. औषध बाकीच्यांना मारते, या उरतात आणि वाढतात. ही डार्विनने सांगितलेली निवड आहे. रुग्णाच्या मनोधैर्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतल्या नव्वद टक्के पेशीही मेलेल्या नसतील, तर पुढची वाट बिकट मानतात. युरोप-अमेरिकेतल्या एका मोठ्या संयुक्त चाचणीत अशा रुग्णांना आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड ही आणखी दोन औषधे देऊन पाहिली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लाभ दिसला नाही, विषारी परिणाम मात्र वाढले. ‘आणखी जोराने लढा’ हा झुंजीच्या रूपकातून आपोआप निघणारा सल्ला इथे वैद्यकातही टिकला नाही.

या शब्दाने कुणाला धीर येत असेल, हे मला मान्य आहे. रुग्णाने तो स्वतःसाठी निवडावा. तो त्याचा अधिकार आहे. आपण मात्र त्याच्या पश्चात निकाल लिहू नये. पंधरा वर्षांचा मुलगा हरला नाही. आपल्याजवळची औषधे अपुरी पडली, एवढेच लिहावे. ते खरेही आहे, आणि संशोधनाची जबाबदारी जिथे आहे तिथेच ठेवणारेही.